आतल्या रस्त्याचा शून्य

"म्हणजे अपघात झालाच नाही?"

"कागदावर नाही झाला, बाबा."

"आणि हा हात? हा काय मी अंघोळीच्या पाण्यात भाजून घेतला?"

"हाताचं मी बोलतच नाहीये. मी तक्त्याचं बोलतेय."

"आग लाव तुझ्या तक्त्याला!"

"लावते की. मग उद्या माझ्या खुर्चीवर दुसरी कोणी बसेल आणि हाच तक्ता करेल. अक्षर तेवढं वेगळं असेल."

"पण ती माझी लेक नसेल ना! तिचा राग तरी मला धड करता येईल."

"हळू बोला," आतून बायकोचा आवाज आला. "वरच्या बाई खिडकीशी स्टूल घेऊन बसल्या असतील."

"बसू दे! त्यांनाही कळू दे, हिच्या कंपनीत माणूस भाजतो पण अपघात होत नाही."

लेकीने टेबलावरची फाइल पिशवीत घातली, पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा घातली. नगर कचेरीत अकराला सुनावणी होती. कंपनीच्या बाजूने अपघातांचा तक्ता समजावून सांगायला तीच जाणार होती, आणि तो तक्ता खोटा आहे हे सांगायला तिचा बाप जाणार होता. एकाच घरातून, एकाच जिन्याने.

बापाला यार्डात सगळे उस्ताद म्हणायचे. सव्वीस वर्षं त्याने टँकर चालवला. कारखान्यात वापरून झालेलं, काळं पडलेलं ॲसिड भरून घ्यायचं आणि शहरापलीकडच्या विल्हेवाट केंद्रात नेऊन ओतायचं, हे त्याचं काम. दुधाचा टँकर चालवणारा रस्त्यात कुणालाही हात करतो. याच्या टँकरकडे बघून लोक काचा वर करायचे. सुरुवातीला त्याला ते लागायचं. पुढे पुढे त्याला त्याचा तोराच आला. "आपण शहराची घाण काढतो, आणि शहर नाक धरतं. धरू दे. नाक आहे म्हणून धरतंय," असं तो म्हणायचा. नवा चालक आला की महिनाभर उस्तादच्या शेजारी बसवायचा, हा यार्डाचा शिरस्ता होता. वळणावर आतलं द्रव एका अंगाला झोपतं आणि गाडी ओढतं, ते ढुंगणाखालच्या सीटला आधी कळतं, हातातल्या चाकाला नंतर. हे त्याने निदान चाळीस जणांना शिकवलं होतं.

आणखीही एक गोष्ट त्याने चाळीस जणांना शिकवली होती, ती पाटी मिटवायची.

टँकरला मागे आणि दोन्ही बाजूंना केशरी पाट्या असतात. आत काय आहे त्याचा क्रमांक त्यावर. पाटी मधोमध बिजागरीवर दुमडते; दुमडली की पांढरी, कोरी. गाडी ओतून झाली, आतून धुऊन झाली, की मगच पाटी मिटवायची, असा नियम. विल्हेवाट केंद्राच्या भिंतीवर तो हातभर अक्षरांत रंगवलेला होता. पण धुलाईची रांग चार-चार तासांची. आणि ओतून झालेल्या गाडीत उरतं काय? तळ. पंपाला ओढता येत नाही तेवढं, दोन-तीनशे लिटर. हजारो लिटरच्या टाकीत तेवढ्याला कोण विचारतो? तेव्हा केंद्राचं फाटक ओलांडलं की सहायकाने खाली उतरायचं, टक् टक् टक् तीन पाट्या मिटवायच्या आणि वर चढायचं. पाटी उघडी असली की बेचाळीस किलोमीटरचा बाहेरचा वळसा. मिटलेली असली की आतला रस्ता, वस्तीतून, कालव्याच्या कडेने, अकरा किलोमीटर. नाक्यावरचा शिपाई विचारायचा, "काय आहे आत?" चालकाने काचेतून मान काढून म्हणायचं, "रिकामी आहे, साहेब." की चालला घरी जेवायला.

सगळेच तसं करायचे. सगळे करतात ते चूक कसं असेल, असं म्हणण्याचीही कुणाला गरज पडली नव्हती.

सात महिन्यांपूर्वी कालव्याच्या पुलाआधीच्या वळणावर समोरून एक गाडी चुकीच्या अंगाने आली. उस्तादने चाक फिरवलं. टँकर कडेच्या चरात आडवा झाला. खालचा नळ तुटला आणि तळ बाहेर यायला लागला. उस्ताद केबिनमध्ये अडकला होता. त्याचा सहायक, चौदा वर्षं सोबत असलेला जोडीदार लांब्या, काच फोडून बाहेर पडला आणि झडप बंद करायला मागे धावला. अग्निशमनची गाडी आली. त्यांनी कोरी पाटी बघितली आणि धूर बसवायला पाण्याचा फवारा सोडला. त्या दाट ॲसिडवर पाणी पडलं की ते उकळून उसळतं. ते उसळलं. लांब्या त्याच्यावर वाकलेला होता, फवारा धरलेला जवानही जवळच होता.

उस्ताद कसाबसा बाहेर आला आणि त्याने लांब्याला ओढून काढलं. त्याचा स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, पण पुढे बरा झाला, दोन बोटं सोडून. लांब्याचा एक डोळा गेला तो गेलाच. दुसऱ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

घरी आल्यावर उस्ताद सगळ्यांना सांगायचा, "मी केबिनमधून बोंबलत होतो, पाणी नको, पाणी नको. पण त्यांचा भोंगा चालू. कोण ऐकतोय?"

हे सांगताना तो दर वेळी भाजलेला हात मांडीवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने झाकायचा.

काल तो बरा असल्याची दवाखान्याची चिठ्ठी द्यायला सात महिन्यांनी पहिल्यांदा यार्डात गेला. फाटकावर मोठा फळा आहे. 'अपघाताविना सलग दिवस', आणि त्याखाली आकड्यांच्या पत्र्या. उस्ताद चालता चालता थबकला. पत्र्यांवर होतं, एक हजार बारा.

"अरे, हे काय?" त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. "माझ्या वेळी सातशे नव्याण्णव होते. मग पुन्हा शून्यापासून नको?"

"मला काय ठाऊक, उस्ताद? रोज सकाळी वरून आकडा येतो, मी पत्री बदलतो."

"वरून कोण पाठवतं?"

पहारेकरी हसला. त्याला वाटलं, म्हातारा मुद्दाम कौतुक ऐकायला विचारतोय. "तुमचीच ताई की! एक दिवस चुकत नाही हं पोरगी."

घरी येऊन उस्तादने पाहिलं तर भिंतीवर गोल, काळ्या कडेचं घड्याळ. ते तिथे कित्येक महिने टिकटिकत असणार. दुखण्यात त्याचं लक्षच गेलं नव्हतं. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं, 'सलग आठशे सुरक्षित दिवस. आभार.' आठशेवा दिवस म्हणजे तो दवाखान्यात डोळे मिटून पडला होता आणि उशाशी बायको बसली होती तो दिवस.

"हे कोणी आणलं?"

"कंपनीच्या माणसाने दिलं. मला वाटलं, तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीचं असेल," बायको म्हणाली. "चालतं बाई छान."

आणि आज सकाळी चहाचा कप तोंडाला लावायच्या आधीच बाप-लेकीची जुंपली होती.

"मला एवढंच सांग," उस्ताद आता आवाज खाली आणून म्हणाला, आणि तो खाली आला की जास्त लागायचा, "मी आणि लांब्या तिकडे पडलो होतो, तेव्हा रोज सकाळी तू तो आकडा लिहीत होतीस?"

"हो."

"एक-एक वाढवून?"

"हो, बाबा. एक-एक वाढवून."

"हात नाही थरथरला?"

"कळफलकावर थरथरलेलं दिसत नाही." मग तिलाच ते बोलणं कडू लागलं. ती त्याच्यासमोर बसली. "ऐका. व्याख्या मी केलेली नाही. रिकाम्या गाडीचा अपघात घातक कचऱ्याचा म्हणून धरायचा नाही, हे माझ्या आधीपासून आहे. तुमच्या गाडीच्या वहीत त्या दिवशी लिहिलंय 'रिकामी'. तुमच्या अक्षरात. मी तेच उचललं."

"आणि कायम झालीस."

"झाले. चार वर्षं हंगामी होते, झाले कायम. पेढ्यासारखं तोंड करून तुम्हीच शेजारी सांगत फिरलात ना?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, माझ्याच जखमेवर पाय देऊन चढलीस ते!"

लेकीचा चेहरा एकदम कोरा झाला. ती उठली, आत गेली, आणि पिशवीतून नव्हे, कपाटातल्या आपल्या कपड्यांखालून एक कागद घेऊन आली. पण तेवढ्यात दारावर थाप पडली.

"उस्ताद! आहेस की गेलास एकटाच भाव खायला?"

लांब्या आला होता. बायकोच्या दंडाला धरून, दाराच्या चौकटीखाली सवयीने वाकून. एवढा उंच माणूस की जुन्या केबिनमध्ये त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. गेल्या सात महिन्यांत तो वाळून आणखीच उंच दिसायला लागला होता.

"या भावजी, या," उस्तादची बायको म्हणाली. "चहा टाकते."

"टाका. आणि साखर तुम्हीच घाला, वहिनी. ही घालत नाही. मला दिसत नाही म्हटल्यावर हिने काटकसर सुरू केलीये."

"दिसत होतं तेव्हा तरी काय उजेड पाडला?" त्याची बायको म्हणाली आणि त्याला खुर्चीत बसवलं. तिने बसवताना त्याच्या खांद्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवला.

सुनावणीला जायचं हे लांब्यानेच ठरवलं होतं. त्याचं घर आतल्या रस्त्यावर, कालव्यालगत. दारातून हात बाहेर काढला तर टँकरला लागेल इतकं जवळ. भरलेले टँकरही याच रस्त्याने सोडायचे, वळसा वाचवायचा, असा कंपनीने कचेरीकडे अर्ज केला होता. अर्जासोबत तक्ता: पाच वर्षांत बाहेरच्या रस्त्यावर तीन अपघात, आतल्या रस्त्यावर शून्य. म्हणजे आतला रस्ता सुरक्षित. त्याच्या बायकोने नोटीस वाचून दाखवली तेव्हा लांब्या आधी खो खो हसला होता. "अगं, मग मी कुठे पडलो? जिन्यावरून?"

"काका," लेक म्हणाली, "बरे आहात?"

"अरे वा, शत्रुपक्षही हजर! ये गं, बस. तुझ्यावर माझा राग नाही. हुकमाचे ताबेदार तुम्ही. आज तुझा बाप उभा राहील आणि तुझा शून्य असा फोडेल ना, नारळासारखा! आपल्याला काय, खरं तेवढं सांगायचं. हा बोलेल, मी नुसता दिसायला उभा राहीन. माझं तोंड बघितलं की पुढे बोलायला नको."

"बाबा, जरा आत या," लेक म्हणाली.

मागच्या चिंचोळ्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड, तिने तो कागद त्याच्या हातात दिला. अग्निशमन दलाच्या घटना-नोंदीची प्रत होती. आठ ओळी. सहाव्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

'आत काय आहे असे विचारता केबिनमधील चालकाने गाडी रिकामी असल्याचे सांगितले.'

उस्तादने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाहेर लांब्या कशावर तरी हसत होता.

"कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. मी भांडायला निघाले होते, बाबा. खरंच. हा अपघात धरलाच पाहिजे म्हणून साहेबांच्या टेबलावर फाइल आपटणार होते. आधी सगळे कागद गोळा करावेत म्हणून दलाकडून हे मागवलं." ती कुजबुजत होती तरी तिचा आवाज चिरकला. "अपघात धरला तर चौकशी लागते. चौकशी लागली की हा कागद निघतो. मग त्यांच्या जवानाचा गळा भाजला तो कुणामुळे, काकांचे डोळे कुणामुळे? म्हणून गप्प बसले. रोज एक-एक वाढवत बसले. आणि तुम्ही इथे येईल-जाईल त्याला सांगताय, मी बोंबलत होतो. मलाही तेच सांगितलंत. माझ्या तोंडावर बघून."

"तू विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

उस्तादने कागद तिच्यापुढे परत धरला.

"आज जाऊ नका," ती म्हणाली. "हात दुखतोय म्हणा. किंवा जायचंच असेल, तर आधी काकांना सांगा. तिथे पोचायच्या आत. हे त्यांनी तिथे ऐकू नये, बाबा." तिने कागद त्याच्याच खिशात घातला, पिशवी उचलली आणि कंपनीची गाडी खाली येऊन उभी होती तिच्यात जाऊन बसली.

कचेरीपर्यंत बसने पाऊण तास लागतो. उस्ताद आणि लांब्या शेजारी बसले, लांब्याची बायको मागच्या बाकावर. पहिल्या थांब्यापाशी उस्ताद म्हणाला, "लांब्या, ऐक ना."

"बोल."

"त्या दिवशी..."

"तेच बोलायचंय आपल्याला. नीट क्रमाने सांग हं. तू आधी चिडतोस आणि मग बोलतोस. आधी वळण, मग ती समोरची गाडी, मग चर. मग तू ओरडलास ते सांग. मग मला ओढलंस ते सांग. ते जरा रंगवून सांग, बरं का, त्या अध्यक्षबाईच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे." त्याने चाचपून उस्तादचा भाजलेला हात धरला आणि थोपटला. "तू नसतास तर मी राखच झालो असतो रे."

पुढचे सगळे थांबे उस्तादने खिडकीबाहेर बघत मोजले.

कचेरीतली खोली लांबट, पंख्याचा आवाज माणसांपेक्षा मोठा. टेबलामागे अध्यक्षबाई, चष्मा कपाळावर चढवलेला. एका बाजूला कंपनीचे व्यवस्थापक आणि लेक, दुसऱ्या बाजूला अग्निशमन दलाचे प्रमुख. मागे वस्तीतले पंधरा-वीस लोक.

लेकीने तक्ता समजावला. आवाज सपाट होता, शाळेत पाठ म्हणून दाखवावं तसा. बाहेरचा रस्ता, सव्वानऊ लाख किलोमीटर धाव, तीन अपघात. दहा लाख किलोमीटरला सव्वातीन असा दर. आतला रस्ता, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर धाव, अपघात शून्य, दर शून्य. ती बसली तेव्हा तिने बापाच्या दिशेने बघितलं नाही.

"कुणाला काही म्हणायचंय?"

उस्ताद उभा राहिला. "हा शून्य चुकीचा आहे, बाई. त्या रस्त्यावर सात महिन्यांपूर्वी टँकर उलटला. मीच चालवत होतो."

व्यवस्थापक बसल्या जागेवरून गोड हसले. "त्या घटनेबद्दल आम्हाला सहानुभूती आहेच. पण ती गाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीचा अपघात घातक कचऱ्याच्या वाहतुकीत धरत नाहीत. व्याख्येतच बसत नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा खाली ओढला. "आतल्या रस्त्याची ही दोन लाख चाळीस हजारांची धाव कुठल्या गाड्यांची?"

लेक उठली. "परतीच्या... रिकाम्या गाड्यांची."

"म्हणजे रिकामी गाडी चालली तर मोजायची, आणि पडली तर मोजायची नाही?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"एका घटनेवरून दर काढणं शास्त्रीय होणार नाही, बाई," व्यवस्थापक म्हणाले.

"शून्य घटनांवरून काढलात, तो शास्त्रीय होता?" त्या उस्तादकडे वळल्या. "गाडी रिकामी होती की नव्हती?"

"तळ होता. अडीच-तीनशे लिटर."

"मग पाटी?"

"मिटवलेली होती. माझ्याच सांगण्यावरून. सगळेच मिटवतात. मीच शिकवलंय त्यांना."

दलाच्या प्रमुखांनी मान वर केली. अध्यक्षबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, "दलाच्या लोकांनी तुम्हाला आत काय आहे ते विचारलं नाही?"

उस्तादचा हात खिशातल्या कागदावर गेला. लेकीने डोळे मिटून घेतले.

आणि शेजारून लांब्या उठला. टेबल नक्की कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं, तो खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बोलायला लागला. "नाही विचारलं, बाई! मी सांगतो. विचारलं असतं तर हा सांगणार नाही का? हा घसा फुटेस्तोवर ओरडत होता, पाणी नको, पाणी नको! भोंग्यात ऐकलं नाही कुणी. सव्वीस वर्षं टँकर चालवलेला माणूस आहे हा, त्याला कळत नाही का पाण्याने काय होतं ते? याच्यावर ढकलू नका. याने हात जाळून घेतला माझ्यासाठी."

दलाच्या प्रमुखांनी समोरची फाइल उघडली, एक पान शोधलं, आणि त्यावर बोट ठेवून ते उस्तादकडे बघत राहिले. वाचलं नाही त्यांनी. वाट बघितली.

"विचारलं होतं," उस्ताद म्हणाला.

"काय?" लांब्या म्हणाला.

"विचारलं होतं, बाई. काचेशी येऊन त्यांच्या माणसाने विचारलं, काय आहे आत. मी म्हटलं, रिकामी आहे, साहेब." त्याचा आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "सव्वीस वर्षं प्रत्येक नाक्यावर तेच म्हणत आलो. कुणी विचारलं की तेच निघतं तोंडातून. निघालं. तो माणूस वळला. मला त्याच क्षणी कळलं होतं. हाक मारता आली असती, तो चार पावलांवर होता. पण पाटी मिटवलेली होती. आता तळ आहे म्हणावं तर पाटी का मिटवली, असं विचारतील... हे माझ्या मनात येऊन गेलं. एवढं एकच. तेवढ्यात फवारा सुरू झाला. मग ओरडलो. आधी नाही ओरडलो."

लांब्याची बायको बाकावरून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

अध्यक्षबाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मग त्या लेकीला म्हणाल्या, "ताई, हा एक धरला, तर आतल्या रस्त्याचा दर किती येतो?"

व्यवस्थापक काहीतरी बोलू पाहत होते. लेक त्यांच्याकडे न बघता उभी राहिली. तिला हिशेब करावा लागला नाही. "चार पूर्णांक सतरा. बाहेरच्यापेक्षा जास्त."

"आधी काढून ठेवला होता?"

"सात महिन्यांपूर्वी."

अर्ज फेटाळला गेला. आतला रस्ता भरलेल्या टँकरना मिळणार नाही, आणि न धुतलेल्यांनाही यापुढे नाही, असं बाईंनी लिहून घ्यायला सांगितलं. वस्तीतल्या लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि लांब्याकडे बघून खाली घेतले. दलाचा एक कारकून येऊन उस्तादचं नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक लिहून घेऊन गेला. जबाबाला बोलावू म्हणाला. व्यवस्थापकांनी आपली बॅग बंद केली आणि लेकीची फाइल टेबलावर तिच्यापासून दूर, मधोमध सरकवून ठेवली. ती तिने उचलली नाही. बापाशेजारून जाताना ती क्षणभर थांबली.

"बसमध्ये पाऊण तास होता, बाबा," ती म्हणाली. "पाऊण तास."

खोली रिकामी झाली. लांब्या होता तिथेच उभा होता, खिडकीकडे तोंड करून. त्याची बायको त्याची काठी हातात घेऊन शेजारी.

"वहिनी," उस्ताद म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं.

तो लांब्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, उजेडाच्या आड. लांब्याला समोर एक सावली आल्याचं कळलं असावं, त्याची मान किंचित मागे गेली.

"लांब्या. दवाखान्यात तू विचारलंस, ओरडला नाहीस का रे, तेव्हाच सांगणार होतो. तुझ्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. म्हटलं, पट्ट्या निघाल्या की सांगू. निघाल्या, तर..." तो थांबला. "शिव्या दे मला. कानाखाली मार. चौदा वर्षं शेजारी बसलोय रे आपण. काहीतरी बोल. तुझा रस्ता तरी वाचला ना? बोल की, वाचला की नाही?"

लांब्याने डावा हात पुढे केला. उस्तादला वाटलं, आपल्याकडे. त्याने आपला हात पुढे केला. लांब्याचा हात त्याच्या हाताला हलकेच लागला, भाजलेली, आखडलेली दोन बोटं त्याला ओळखू आली, आणि त्याने हात बाजूला नेऊन बायकोचा दंड धरला.

"चल," तो तिला म्हणाला.

"लांब्या, घरी सोडायला येऊ? जिना उंच आहे इथला. लांब्या?"

दाराच्या चौकटीखाली लांब्या वाकला, आणि बायकोबरोबर बाहेर पडला.